सुरुवात स्थायूपासून नको, हवेपासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिल्हा परिषदेच्या शाळेत यंदा पहिल्यांदाच सहावीला विज्ञान शिकवताय. स्थायू, द्रव, वायू यांच्या व्याख्या वर्गाला तोंडपाठ आहेत. तरी साखरेची अवस्था विचारली की अर्धा वर्ग ‘द्रव’ म्हणून मोकळा होतो, आणि हवेला वजन असतं हे कुणालाच पटत नाही. प्रयोगशाळा नाही. मग कणांच्या आकृत्या काढून सुरुवात करावी का, असं तुम्ही विचारलंय.

आकृत्यांचं उत्तर आधी देऊन टाकते: नको, इतक्यात नको. आता खरं दुखणं बघू. साखरेला द्रव म्हणणारी मुलं बावळट नाहीत, उलट शिकवलेली व्याख्या ती इमानेइतबारे वापरताहेत. ‘ज्याला स्वतःचा आकार नसतो, भांड्याचा आकार घेतो तो द्रव’ असं आपणच सांगितलं. साखर डब्यात ओतली की डब्याचा आकार घेते. मग चुकलं कोण? आणि हवेचं म्हणाल तर मुलांच्या लेखी हवा ही ‘काहीतरी’ नसतेच. रिकाम्या बाटलीला आपणही रिकामीच म्हणतो. जी गोष्टच नाही तिची अवस्था काय सांगणार? म्हणजे गाडं ‘अवस्था’ या शब्दाशी अडलेलं नाही, त्याच्या एक पायरी खाली, ‘द्रव्य’ म्हणजे काय इथे अडलंय. ही पायरी चढली की तीन अवस्था दोन तासांत होतात. ती राहिली तर दहावीपर्यंत राहते.

पुढचं सगळं तुमच्या परिस्थितीनुसार वाकवून घ्यावं लागेल. वर्गात साठ मुलं असतील तर प्रत्येकाच्या हातात सामान देणं जमणार नाही. पाच-सहा जणांचे गट करा आणि एकाच प्रयोगावर थांबा. पाऊस आहे की उन्हाळा यावर काही प्रयोग चालणं-न चालणं ठरतं, ते पुढे सांगते. आणि एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मिळवता आला तर नक्की मिळवा. विज्ञानाच्या पेटीतल्या निम्म्या वस्तूंपेक्षा तो जास्त कामाचा आहे.

तर हवा. ती जागा व्यापते हे दाखवायला पाण्यात उलटा पेला बुडवून आतला कागद कोरडा ठेवण्याचा प्रयोग सगळेच करतात. चांगला आहे, पण मुलं त्याकडे जादू म्हणून बघतात. मला नरसाळ्याचा जास्त आवडतो. काचेची बाटली घ्या, तोंडात निमुळतं नरसाळं बसवा आणि भोवतीची फट भिजवलेल्या कणकेने घट्ट लिंपून टाका. आता नरसाळ्यात पाणी ओता. थोडं आत जातं, मग अडतं. वर पाणी, खाली ‘रिकामी’ बाटली, आणि पाणी काही उतरत नाही. वर्गाला विचारा, कुणी धरून ठेवलंय? नंतर कणकेला खिळ्याने भोक पाडा. पाणी धडधडत खाली जातं आणि भोकाशी बोट धरलं तर बाहेर येणारी हवा लागते. ते बोट मुलाचं असू द्या, तुमचं नको. (नरसाळ्याची नळी रुंद असेल तर पाणी गळगळत उतरतं, हवा त्याच वाटेने वर येते आणि प्रयोग फसतो. आधी घरी करून बघा.)

वजनाचं अवघड आहे, आणि इथे एक नेहमीचा प्रयोग मी मुद्दाम टाळते. काठीच्या दोन टोकांना दोन फुगलेले फुगे बांधायचे, एक फोडायचा आणि काठी कलते म्हणून दाखवायचं. फुग्यातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा अगदी किंचित दाबलेली असते, त्यामुळे वजनातला फरकही तेवढाच किंचित येतो. काठीचा तराजू तो दाखवेलच असं नाही. वर फुटलेल्या फुग्याचा तुकडा उडून पडला की काठी भलत्याच कारणाने कलते. त्याऐवजी फुटबॉल घ्या. पाच नंबरचा, गोल दिसेल इतपतच भरलेला, दाबला की बोट आत जाईल असा. काट्यावर वाटी ठेवून त्यात तो बसवा आणि वजन लिहून घ्या. मग पंपाने टणक होईपर्यंत हवा भरा आणि पुन्हा ठेवा. साधारण चार ते सहा ग्रॅम वाढलेले दिसतात. चेंडूचा आकार जवळपास तोच, आत भरली ती फक्त हवा, आणि आकडा मात्र पुढे सरकला. एकदा पंप मुलांनाच मारू द्या, म्हणजे ‘मॅडमनी काहीतरी केलं’ अशी शंका उरत नाही.

काटा नसेल तरी अडत नाही. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी 14.2 किलोची म्हणून विकतात, आणि रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच रंगवलेलं असतं. म्हणजे आपण पैसे मोजतो ते 14.2 किलो कशाचे? रिक्षावाले काका पंपावर सीएनजी लिटरने भरत नाहीत, किलोने भरतात. हे ऐकल्यावर वर्गात कुजबुज सुरू होते, कारण गॅस घरचा आहे आणि किलोही घरचा आहे, दोन्ही एकत्र कधी बघितलेले नसतात. मग वर्गाच्या खोलीचं गणित घाला. वीस फूट बाय पंचवीस फूट, उंची दहा फूट. एक घनमीटर हवेचं वस्तुमान सव्वा किलोहून थोडं कमी. उत्तर एकशे सत्तर किलोच्या आसपास येतं. ते फळ्यावर लिहून तसंच राहू द्या. ‘मग आपल्याला जाणवत का नाही?’ हा प्रश्न येईलच. हवा सगळ्या बाजूंनी सारखीच दाबते एवढं सांगून पुढे चला.

आता साखरेकडे. इथे तुमच्याकडे एक तयार साधन आहे: पोषण आहाराचं स्वयंपाकघर. तांदूळ, मीठ, डाळ, तेल, पाणी आणि दोन सारख्या वाट्या आणा. गावाकडच्या मुलांनी धान्य मापताना मापट्यावर शीग (काठाच्या वरचा ढीग) लावलेली पाहिलेली असते. तांदळाची शीग लागते, मिठाची लागते, साखरेची लागते. तेलाची लावून दाखवा म्हणावं. पाणी काठाच्या वर केसभर फुगतं तेवढंच, त्याच्या पुढे एक थेंब टाकला की ओघळतं. द्रवाचा पृष्ठभाग स्थिर झाला की सपाट होतो. दाण्यांचा ढीग होतो आणि तसाच राहतो. त्यानंतर भिंग द्या आणि साखरेचा एकच दाणा बघायला सांगा. कडा, कोपरे, चपट्या बाजू सगळं दिसतं. तो दाणा डब्यात टाका, वाटीत टाका, तळहातावर घ्या, त्याचा आकार बदलत नाही. भांड्याचा आकार घेतला तो दाण्यांच्या गर्दीने, दाण्याने नव्हे. मुलं हे आपणहून म्हणेपर्यंत थांबा. मी तर रांगोळी आणि पिठीसाखर मुद्दाम शेवटी काढते, कारण त्यात भिंगाशिवाय दाणा दिसत नाही आणि पुन्हा वाद पेटतो.

याच्याच जोडीला कापूस आणि स्पंज. ‘स्थायू टणक असतो’ हे वाक्य कुठल्याच पुस्तकात नसलं तरी सगळ्या मुलांच्या डोक्यात असतं. स्पंज पाण्यात दाबला की बुडबुडे निघतात. दबली ती आतली हवा, हे मुलांना आता सांगावं लागत नाही. नरसाळं त्यांनी पाहिलेलं असतं. हवा आधी घ्या म्हणते ती यासाठीच.

एवढं झालं की सिरिंज. औषधाच्या दुकानातून दहा मिलिलिटरच्या नव्या सिरिंजा आणायच्या, सुया दुकानातच ठेवायच्या. दट्ट्या दहापर्यंत ओढून हवा घ्या, तोंडावर अंगठा गच्च दाबा आणि दट्ट्या आत ढकला. बऱ्यापैकी आत जातो. सोडला की परत येतो, जवळजवळ मूळच्या खुणेपर्यंत. मग पाणी भरून तेच करा, आत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना ते बघून. दट्ट्या हलत नाही. वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा येतो, तोही हरतो. इथे घाई करू नका. ‘हवा दबली तेव्हा कुठे गेली?’ असं विचारा. पहिलं उत्तर ‘लीक झाली’. मग दट्ट्या परत कसा आला? आता प्रत्येकाला वहीत चित्र काढायला सांगा: हवा डोळ्यांना दिसली असती तर दाबण्याआधी आणि दाबल्यावर कशी दिसली असती?

ही चित्रं गोळा करून नीट बघा. काही जण अख्खी सिरिंज फिकट रंगवतात आणि दाबल्यावर तोच रंग गडद करतात. काही जण हवा पुढच्या टोकाला गोळा झालेली दाखवतात. कुणीतरी ठिपके काढतो: आधी लांब लांब, नंतर दाटीवाटीने. तो ठिपकेवाला मुलगा म्हणजे कणांच्या धड्याचं दार. त्याचं चित्र फळ्यावर काढा आणि विचारा, यातून पाणी का दबत नाही ते सांगता येईल का? म्हणजे कण आकृतीतून खाली उतरत नाहीत, मुलांना पडलेल्या कोड्यातून वर येतात. कण मानायला मोठमोठ्यांनाही वेळ लागला आहे. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांना 1909 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेही वर्षानुवर्षं अणू ही केवळ सोयीची कल्पना आहे असंच म्हणत होते, आणि फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ज्याँ पेरँ यांची मोजमापं आल्यावरच त्यांनी माघार घेतली. अकरा वर्षांच्या मुलाने तीन चौकोनांतले ठिपके बघून एका तासात विश्वास ठेवावा ही अपेक्षाच जरा जास्त आहे.

आणि ते तीन चौकोन काढायची वेळ येईल तेव्हा एक काळजी घ्या. बहुतेक आकृत्यांमध्ये स्थायूचे कण चिकटलेले, द्रवाचे बरेच सुटे आणि वायूचे आणखी सुटे, असं पायरी पायरीने दाखवलेलं असतं. मधला चौकोन दिशाभूल करतो. द्रवातले कणही जवळपास खेटूनच असतात, फक्त जागा बदलत राहतात. सिरिंजमधलं पाणी दबलं नाही ते म्हणूनच. खरी उडी द्रवाकडून वायूकडे जाताना आहे: एक मिलिलिटर पाण्याची 100 अंशांना वाफ केली तर ती सोळाशे-सतराशे मिलिलिटर जागा व्यापते. म्हणजे दोन रेणूंमधलं अंतर साधारण बारा पट होतं. तुमच्या चौकोनात वायूचे दोन-तीन ठिपके काढले तरी पुष्कळ झाले. मधल्या जागेत काय असतं, तर काही नाही. मुलं ‘हवा’ म्हणतील, हमखास म्हणतील. आणि मेण वितळताना कण वितळत नाहीत, तापल्यावर कण फुगत नाहीत, हे दोनदा-तीनदा बोलून घ्यावं लागतं. मैदानावर मुलांनाच कण करून पळवण्याचा खेळ लोकप्रिय आहे, मला तो फारसा रुचत नाही. मुलं खूश होतात, पण कणांना ‘इच्छा’ चिकटते आणि पुढे ‘कणांना बाहेर जायचं असतं’ अशी वाक्यं उत्तरपत्रिकेत येतात.

अवस्थाबदलासाठी बर्फाच्या आधी खोबरेल तेल घ्या. ते साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे घाटावर डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाटलीतच गोठलेलं मिळतं. कोकणात किंवा इतर ऋतूत थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावं लागेल. बाटलीचं वजन गोठलेली असताना करा, उन्हात ठेवून पातळ झाल्यावर करा. तेवढंच भरतं. वास तोच, वस्तू तीच, अवस्था दुसरी. आता गोठलेल्या तेलाचा गोळा पातळ तेलात सोडा, तो तळाशी जातो. शेजारी पाण्यात बर्फ सोडा, तो तरंगतो. गोठताना बहुतेक द्रव आक्रसतात, पाणी मात्र सुमारे नऊ टक्के फुगतं. आपण पाण्यावरच सगळं शिकवतो आणि नेमकं पाणीच या बाबतीत तऱ्हेवाईक आहे, हे मुलांना आधीच कळलेलं बरं.

मग थंड पेल्याबाहेरचे थेंब. ‘पाणी पेल्यातून झिरपलं’ असं उत्तर येईल, आणि त्यावर हसू नका, कारण घरच्या माठातून पाणी खरंच झिरपतं. मूल अनुभवावरूनच बोलतंय, फक्त माठाचा नियम स्टीलला लावतंय. त्याचा निकाल प्रयोगानेच लागू द्या. पेल्यात बर्फ आणि कोकम सरबत घाला, वर झाकण ठेवा. बाहेरचे थेंब पांढऱ्या रुमालाला टिपा: रंग नाही. झिरपलं असतं तर रुमाल लाल झाला असता. काटा असेल तर झाकलेला पेला त्यावर अर्धा तास तसाच ठेवा. दमट दिवशी वजन एक-दोन ग्रॅमने वाढलेलं दिसतं. आतलं बाहेर आलं असतं तर वजन वाढलं कसं? हा प्रयोग पावसाळ्यात करा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलच्या कोरड्या हवेत थेंब जेमतेम येतात आणि शिक्षकाची फजिती होते.

उकळत्या पाण्यातले मोठे बुडबुडे कशाचे, हेही विचारा. न्यूझीलंडमध्ये ऑस्बर्न आणि कॉसग्रोव्ह यांनी 8 ते 17 वर्षांच्या मुलांना हाच प्रश्न विचारला होता. 1983 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘हवा’, ‘उष्णता’, ‘ऑक्सिजन आणि हायड्रोजन’ अशी उत्तरं आली, आणि पुस्तकी शिक्षण वाढलेल्या मोठ्या मुलांमध्येही ऑक्सिजन-हायड्रोजनवाले होतेच. आपल्याकडेही वेगळं घडत नाही. सुरुवातीचे बारीक बुडबुडे पाण्यात विरलेल्या हवेचे असतात, नंतरचे मोठे पाण्याच्याच वाफेचे. किटलीच्या तोंडापाशी काहीच दिसत नाही, बोटभर अंतरानंतर पांढरं दिसू लागतं. न दिसणारी ती वाफ, आणि पांढरं ते पाण्याचे बारीक थेंब, म्हणजे पुन्हा द्रवच. हा प्रयोग तुम्ही स्वतः करा, मुलं लांबून बघू देत. वाफेचा चटका वाईट. तापमापी लावलीत तर पुण्यात पाणी 98 अंशांच्या आसपास उकळेल, महाबळेश्वरला 95-96 ला. 100 आले नाहीत म्हणून तापमापी फेकू नका, उंचीवर हवेचा दाब कमी असतो.

थोडक्यात क्रम असा पडतो: हवा ही वस्तू आहे, तिला जागा लागते आणि वजन असतं; मग दाणे आणि शीग; मग सिरिंज आणि त्यातून कण; मग अवस्थाबदल. व्याख्या या सगळ्यानंतर, आणि शक्यतो मुलांच्या शब्दांत. सात-आठ तासिका जातात. वेळ नसेल तर माठ-पेला आणि खोबरेल तेल गाळा, फुटबॉल आणि सिरिंज गाळू नका.

काही फुटकळ गोष्टी. वास पसरणं दाखवायला उदबत्ती लावू नका. धूर म्हणजे मुख्यतः हवेत तरंगणारे स्थायू-द्रवाचे बारीक कण. संत्र्याची साल सोलली तरी काम होतं, आणि पंखा बंद ठेवा. कापूर पेटवणं म्हणजे संप्लवन (स्थायूचा थेट वायू होणं) नव्हे, ते ज्वलन. संप्लवनासाठी कापराची वडी उघड्या बशीत कागदावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिलीने रेघ मारा आणि काही दिवसांनी वडी रेघेच्या किती आत गेली ते बघा. डांबराच्या गोळ्या मुलांच्या हातात देऊ नका, त्या विषारी असतात. श्रीखंड, टूथपेस्ट, जेली यांची अवस्था विचारणारा एक जण प्रत्येक वर्गात असतो. त्याला सरळ सांगा की तीन कप्पे आपल्या सोयीचे आहेत, निसर्गाने सगळं त्यातच बसवायचा करार केलेला नाही. रवाळ तुपात तर स्थायू आणि द्रव एकाच डब्यात नांदतात. प्लाझ्माबद्दल, म्हणजे चौथ्या अवस्थेबद्दल, विचारलं तर ‘सूर्य आणि आकाशातली वीज’ एवढं सांगून थांबा.

राहता राहिली परीक्षा. व्याख्या पाठ असायलाच हव्यात, त्यावर गुण असतात, आणि तुमची मुलं तिथे कमी पडणार नाहीत. पण घटक चाचणीत एक प्रश्न तुमचा घाला: ‘बंद पिशवीत बर्फाचे खडे आहेत. ते पूर्ण वितळले. पिशवीचं वजन वाढेल, कमी होईल की तेवढंच राहील? का?’ गुण ‘का’ला द्या. त्या ओळीत काय लिहिलंय ते वाचल्यावर पुढचा तास कुठून सुरू करायचा ते तुमचं तुम्हाला कळेल.